माळ्यावरची काठी

नाशिक, ता. ९ जुलै १९३६

प्रिय खुर्शीद,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. सुनेला वाचून दाखवू नकोस, आणि ‘आमची नाशिकची मैत्रीण काय लिहिते बघा’ म्हणून शेजारी तर मुळीच नको.

माझ्या माळ्यावर बुरशी आली आहे.

एवढं लिहितानाच कानशिलं तापली. सगळी नोकरी मी मुलींना आरोग्यशास्त्र शिकवण्यात घालवली. ओल, उजेड आणि हवा यांवर इतकं बोलले की मुली माझ्यामागे मला ‘खिडकीबाई’ म्हणत. पेन्शन झाल्यावर हे घर बांधलं ते गावातल्या कोंदट खोल्यांना कंटाळूनच. हरसूलकडचं सागवान स्वतः निवडलं, मंगळुरी कौलांखाली फळ्यांचं अस्तर दिलं. वास्तूला आलेल्या बायकांना मी माळासुद्धा दाखवला, तेव्हा तू म्हणाली होतीस, “सगुणा, लोक देवघर दाखवतात.” त्याच माळ्यावर काल मी जुनी टिपणं काढायला चढले. आमच्या भगिनी मंडळात ‘निरोगी घर’ या विषयावर मला बोलायचं आहे. कंदील वर धरला तर फळ्यांच्या खालच्या अंगाला पांढरी लव, मध्येमध्ये काळे ठिपके, आणि वास असा की आपल्या बोर्डिंगची चपलांची खोली आठवली.

तू लाकडाच्या वखारीत वाढलीस. तुझे अब्बा नुसत्या वासावरून लाकूड कुठल्या डोंगरातलं ते सांगत. म्हणून विचारते, ही बुरशीच ना? की वाळवी, की भिंतीला धरतो तो लोणा? सुतार बोलवायचा नाही. झिपरू सुतार हात चांगला चालवतो, पण तोंड त्याहून चांगलं चालवतो. पंचवटीपर्यंत बातमी जाईल की खिडकीबाईंच्या घराला बुरशी लागली.

बाकी ठीक. माझे भाऊ गेल्यापासून गोदावहिनी माझ्याकडेच आहेत, हे तुला माहीतच आहे. पावसाळा लागला की खोकतात. पण त्यांचं सोवळं मी सोडवलं, ही माझ्या आयुष्यातली एक मोठी फत्ते समज. या घरात सोवळ्याची काठीच लावू दिली नाही. पहिल्या पावसाळ्यात त्या ओलेत्याने मागच्या पडवीत उभ्या होत्या, लुगडं वाळत घालायला जागा शोधत. तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबांच्या पत्नी दोघीतिघींना घेऊन आल्या होत्या. मी त्यांच्यासमोर म्हटलं, “या आमच्या वहिनी. देवाला सर्दी होऊ नये म्हणून स्वतः भिजतात.” सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या. त्या दिवसापासून प्रकरण बंद.

मागच्या दोन खोल्यांत तुझी भाची हमीदा आणि तिचा जमील सुखात आहेत. माग दिवसभर खटखटतो. हमीदाचे दिवस भरत आले की तू येशीलच.

उत्तर लवकर लिही.

तुझी
सगुणा


मालेगाव, ता. १५ जुलै १९३६

प्रिय सगुणा,

पत्र चुलीत घातलं नाही. चुलीत घालण्यासारखं तू आजवर काही लिहिलं नाहीस आणि हेही तसं नाही. सून माहेरी आहे, तेव्हा निर्धास्त राहा.

न बघता सांगणं अवघड, तरी सांगते. वाळवी असती तर मातीचे बारीक बोगदे दिसले असते. लोणा विटेवर आणि चुन्यावर फुलतो, लाकडावर नाही. खात्री हवी तर त्या लवेवर पाण्याचा थेंब टाक. लोणा मिठासारखा विरघळेल. बुरशी नुसती चेपून बसेल.

मग विणायची सुई घे, ती बोर्डिंगातली मदर इग्नेशिया तुझ्या बोटांवर मारायची तसली जाड. ठिपके असतील तिथे फळीत दाबून बघ. सुई अडली तर लाकूड शाबूत आहे, रोग नुसता कातडीवर आहे. सुई आत गेली तर मात्र झिपरूला बोलवावंच लागेल, मग पंचवटी काय म्हणायचं ते म्हणो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कौल फुटून पाणी गळत असेल तर फळीवर तपकिरी ओघळ दिसतात, आणि बुरशी त्या ओघळाभोवतीच असते. ओघळ नसतील तर ओल खालून, घरातूनच वर जाते आहे. सर्वांत दाट बुरशी कुठे आहे ते नीट बघ. कुणाच्या खोलीवर, कशाच्या वर. अब्बा म्हणायचे की लाकूड कधी खोटं बोलत नाही, पण त्याला विचारावं लागतं.

आणि माळ्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींत झरोके होते, मला आठवतात. ते उघडे आहेत ना?

गोदावहिनींना सलाम सांग. देवाला सर्दी होण्याची ती गोष्ट तू मला तिसऱ्यांदा लिहिलीस.

तुझी
खुर्शीद


नाशिक, ता. २३ जुलै १९३६

प्रिय खुर्शीद,

परीक्षा झाली. थेंब टाकला, लव चेपली, विरघळली नाही. म्हणजे बुरशीच. सुई सगळीकडे अडली. लाकूड शाबूत आहे, म्हणजे हरसूलच्या व्यापाऱ्याने तरी मला फसवलं नाही. तपकिरी ओघळ एकही नाही, कौलं धड आहेत.

तेव्हा तुझ्याच नियमाने ओल घरातून जाते आहे, आणि कुठून ते मला दिसलं. तुला वाईट वाटेल, पण मी गोड बोलत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे. जमील सुताला खळ देतो. ती खळ हमीदा मोठ्या पातेल्यात शिजवते, आणि रोज तासच्या तास वाफ वर जाते. त्यांच्या खोलीच्या लाकडी तक्तपोशीला फटी आहेत. याहून सरळ काय असणार? वहिनींचा खोकलाही त्याच ओलीने वाढला असणार. परवा त्या जिन्यात बसून खोकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही हो वन्सं, ठसका लागला.”

मी हमीदाला बोलावून सांगितलं की घरात खळ शिजवायची नाही, आणि दसऱ्यापर्यंत दुसरी जागा बघा. ती मान खाली घालून उभी राहिली. “तुझ्या वाफेने माझं घर सडतंय, कळतंय का तुला?” असं म्हटलं, तर म्हणाली, “जी, बाई.” बस्स. चूक नसती तर माणूस काही बोललं असतं. वहिनी दारात होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, “बाळंतपण होऊ द्या, मग बघू.” वहिनींचं मन फार हळवं. मी म्हटलं, तुम्ही यात पडू नका.

सर्वांत दाट बुरशी मात्र त्यांच्या खोलीवर नाही. ती आमच्या बाजूला, देवघराच्या वर, एका पट्ट्यात आहे. पण वाफ फिरते. थंड भागात जाऊन बसते. भौतिकशास्त्र आहे.

झरोके मी मार्गशीर्षातच फळ्या ठोकून बंद केले. पारव्यांनी माळ्याची धर्मशाळा केली होती.

आता उपाय काय तो सांग. भाषण जवळ आलं आहे. घरात बुरशी ठेवून ‘निरोगी घर’ म्हणून उभी राहायची मला लाज वाटते.

तुझी
सगुणा


मालेगाव, ता. २९ जुलै १९३६

प्रिय सगुणा,

आधी उपाय लिहिते, कारण राग आधी लिहिला तर उपाय राहून जाईल.

झरोके उघड. पारवे नको असतील तर तारेची जाळी लाव, पण वारा आरपार गेला पाहिजे. उघाडीचा दिवस बघ. नाकातोंडाला ओलं फडकं बांध. कोरड्या झाडूने झाडू नकोस, नाहीतर ती भुकटी सगळ्या घरात उडेल आणि वहिनींच्या छातीत जाईल. ऊन पाण्यात धुण्याचा सोडा घालून, ब्रशने फळीच्या रेषेबरोबर घास, मग स्वच्छ फडक्याने टीप. पुरतं वाळू दे. त्यावर टाकणखार विरघळवलेलं पाणी दोनदा फिरव. ओझरचे द्राक्षवाले भुरीवर मोरचूद मारतात, कुणी ते सुचवील, पण खाली चूल आहे, विष नको. काळे डाग थोडे राहतील. ते राहू देत, डाग म्हणजे बुरशी नव्हे.

हे सगळं केलंस आणि ओल थांबली नाही, तर ती परत येईल. तिच्या येण्यावरूनच चोर सापडतो.

आता दुसरं. खळ घरात शिजवायची नाही म्हटल्यावर जमीलने अंगणात चूल मांडली. खळ देऊन बाहेर ताणलेलं सूत पावसाच्या सरीत सापडलं आणि चिकटून लगदा झालं. अर्धा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढलेला आहे. चढवलेला ताणा विणून संपल्याशिवाय माग हलवता येत नाही, हे विणकराच्या घरचं पोरही सांगेल. तू त्यांना दसऱ्याची मुदत दिलीस. ती मुदत त्याच्या मागाला कशी समजावून सांगायची?

हे मला हमीदाने कळवलेलं नाही. जमील सुतासाठी इथे आला होता. मी विचारलं, हमीदा काय म्हणते? म्हणाला, “खाला, ती काही बोलत नाही. मी म्हटलं आपण बाईंना सांगू की वाफ तिकडे जातच नाही, तर मला ओरडली. म्हणाली, गप बसा, तुम्हाला काय माहीत.”

हमीदाला मी लहानपणापासून ओळखते, सगुणा. ती भांडायला घाबरणारी नाही. ती गप्प बसली असेल तर चुकीमुळे नाही. देवघराच्या वर काय आहे, ते पुन्हा बघ.

तुझी
खुर्शीद


नाशिक, ता. १२ ऑगस्ट १९३६

प्रिय खुर्शीद,

तू भाचीची बाजू घेणार हे मी धरूनच होते. घे. जमीलच्या सुताचं मला वाईट वाटलं, पण अंगणात मांडव घालून काम करावं एवढी अक्कल त्याला असायला हवी होती.

सांगितलंस तसं सगळं केलं. गेल्या आठवड्यात दोन दिवस ऊन पडलं तेव्हा सोडा, ब्रश, टाकणखार, सगळं झालं. नाकाला फडकं बांधून मी माळ्यावर ओणवी होऊन घासत होते. वहिनी सारख्या खालून म्हणत होत्या, “वन्सं, तुम्ही उतरा, मी करते.” साठी उलटलेल्या बाईला शिडीवर चढवायला मी काय कसाई आहे? मी म्हटलं, “तुम्हाला माळ्याचं काय पडलंय? माळ्यावर काय तुमचा देव बसलाय?” त्या म्हणाल्या, “माळ्याला कुलूप नका घालू.” कुलपाचं कोण बोललं होतं? वय झालं की माणसं काहीही बोलतात.

देवघराच्या वर काय आहे म्हणालीस. काही नाही. दोन वाशांच्या मध्ये एक बांबू आडवा टांगलेला आहे. झिपरूने काम करताना कसल्याशा टेक्यासाठी बांधला असेल आणि सोडायचा राहिला असेल.

आणि आता ऐक. बुरशी परत आली. श्रावण सरत नाही तोच त्याच पट्ट्यात, त्याच बांबूच्या वरच्या फळ्यांवर, पिठासारखी. म्हणजे हमीदा माझ्या पाठीमागे घरात खळ शिजवते आहे. मी तिला विचारलं नाही. विचारलं तर “जी, बाई” म्हणेल. मी तिला पुराव्यासकट पकडणार आहे. उद्या त्यांना सांगणार की हवी तेवढी खळ शिजवा, आणि मी सकाळीच माळ्यावर जाऊन बसणार. हातात आरसा. त्यांच्या फटींवर आरसा धरला की त्यावर वाफ धरेल, आणि तो आरसा मी तुला पार्सलने पाठवीन.

झरोके अजून उघडले नाहीत. जाळी आणायला बाजारात गेले तर दुकानदार विचारतो, “कशाला हवी, बाई?” त्याला काय सांगू?

शेजारच्या भागीबाईंना मात्र मी सांगून टाकलं की मागच्या बिऱ्हाडाने माझा माळा नासवला. माळा नासला ही गोष्ट फुटलीच असती, निदान कुणामुळे ते तरी नीट कळू दे.

तुझी
सगुणा


नाशिक, ता. १६ ऑगस्ट १९३६

खुर्शीद,

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. हे आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

परवा सकाळी मी माळ्यावर बसले. मंडळात जाते म्हणून सांगून पुढच्या दाराने बाहेर पडले, मागून आत आले आणि शिडीने वर चढले. पत्र्याच्या ट्रंकेवर, हातात आरसा घेऊन. मुलींनी मला अशी पाहिली असती तर त्यांना जन्मभर पुरेल एवढी करमणूक झाली असती.

खाली हमीदाने खळ चढवली. वास वर आला. बांबूवर एक लुगडं लोंबत होतं, पण माझं सगळं लक्ष फटींकडे. मी फटींवर आरसा धरला. आरसा कोरडा. पुसून पुन्हा धरला, दुसऱ्या फटीवर धरला. सकाळच्या उजेडात माझंच तोंड त्यात स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या खोलीला मागे मोठी खिडकी आहे. मीच ठेवून घेतली होती. वाफ तिकडून बाहेर जाते.

तेवढ्यात शिडी करकरली. खालून हमीदाचा आवाज आला.

“काकी, जरा रुका. पाय पुसून घ्या. काल तिसऱ्या पायरीवर सरकला होता.”

“धरलीस ना गं?”

“धरली. चढा तुम्ही. मी खालीच बघते.”

माळ्याच्या तोंडातून आधी एक हात आला, मग पिळलेलं लुगडं, मग वहिनींचं डोकं. अंगावर ओलेतं. पाणी निथळत होतं, प्रत्येक पायरीवर पडत होतं. वर येऊन त्या धापा टाकत ओणव्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला बघितलं.

मी ट्रंकेवर, हातात आरसा.

त्या म्हणाल्या, “वन्सं, जरा सरका. शिवाल.”

मी सरकले. खुर्शीद, मी अंग चोरून भिंतीला लागले. त्यांनी कालचं वाळलेलं लुगडं काठीने काढलं, आजचं ओलं त्या बांबूवर पसरलं, चारी टोकं नीट केली. घाई केली नाही. मग जशा आल्या तशा उतरल्या. खाली हमीदा म्हणाली, “बस, काकी, आली जमीन.”

लुगड्याचं पाणी टपटपत होतं. वरच्या फळीवर ती पांढरी लव होती, अगदी लुगड्याच्या रुंदीची. कोंडलेल्या माळ्यात रोज एक ओलं लुगडं, श्रावणात देवाचं जास्त म्हणून दोन. झरोके मी बंद केलेले.

दुपारी जेवताना मी विचारलं, “वहिनी, मला सांगायचं होतं.”

त्यांनी भात वाढला. म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. नुसत्या हसला असता तर चाललं असतं. तुम्ही चार बायकांत गोष्ट करून सांगता.”

“आणि ही बुरशी? तुम्हाला दिसत नव्हती?”

“दिसली तर. तुम्ही वर चढणार कळलं की मी आधीच लुगडं उतरवायची. आणि पुसायची पदराने. पुसली की पसरायची. भीती वाटायची मला, घर पडेल म्हणून. पण सांगू कशी?”

मग हमीदाचं विचारलं. गेल्या वर्षी वहिनी एकदा शिडीवरून घसरल्या. हमीदा धावली. तेव्हापासून ती रोज येऊन शिडी धरते. “सोवळ्यात ती शिडीला शिवलेली तुम्हाला चालते?” मी विचारलं. सवयीने विचारलं, माझी जीभ ती. वहिनी म्हणाल्या, “लाकडाला विटाळ नसतो.” हा नियम कुठल्या पोथीत नाही. तो त्यांनी स्वतःच, त्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून केलेला आहे.

त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की कुणाला सांगायचं नाही. मला कळलं तर मी हसेन. कीर्तनाच्या बायकांना कळलं की मुसलमानाची लेक सोवळ्याची शिडी धरते, तर त्या वहिनींना पंगतीला बसू देणार नाहीत. मी तिला घराबाहेर काढत होते तेव्हा ती “जी, बाई” म्हणाली ती त्यासाठी. वहिनी म्हणाल्या, “मी तिला म्हटलं, मी सांगते वन्संना. ती म्हणाली, नको काकी, मला जागा मिळेल, तुम्हाला दुसरं घर नाही.”

जेवून मी मागच्या दाराशी गेले. कडीला हात लावला, आणि परत आले. काल पुन्हा गेले, तर खोलीला कुलूप. भागीबाई कुंपणावरून म्हणाल्या, “बरं झालं बाई, गेली घाण.” हे त्यांच्या डोक्यात मीच भरवलं.

ती तुझ्याकडे आली आहे का?

सगुणा


मालेगाव, ता. २२ ऑगस्ट १९३६

सगुणा,

आली आहे. आग्रा रोडच्या मोटारीत या अवस्थेत धक्के खात आली. पाय सुजले आहेत, बाकी बरी आहे. माग उकलून आणायचा म्हणून त्यावरचा ताणा जमीलला कापावा लागला. पाऊण झालेलं लुगडं आता कुणी घेणार नाही, ते मी बाळाच्या दुपट्यांसाठी ठेवलं आहे.

निघायचं कारण तुझी नोटीस नव्हे. तू माळ्यावर होतीस हे तिला वहिनींच्या तोंडावरून कळलं. तिला वाटलं, आता काकींचं गुपित फुटलं ते आपल्यामुळे, आपण खळ शिजवली म्हणून बाई वर चढल्या. ती लाजेने आली आहे. ती, सगुणा.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तुझी मराठी तिला जड जाते, म्हणून थांबून थांबून सांगितलं. “शिवाल” पाशी ती हसली. मग बराच वेळ रडली. मी विचारलं, तू का नाही बोललीस? तर म्हणाली, “खाला, त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी सांगितलं.”

मी तुझ्यावर रागावले होते, आता तेवढा राग राहिलेला नाही. तू पत्रात काही लपवलं नाहीस. वहिनींवर हसलीस तेव्हाही नाही, आणि आताही नाही. पण एक ऐक. पोस्टाने माफी पाठवू नकोस. मी ती वाचून दाखवणार नाही. तू भागीबाईंना जे सांगितलंस ते तोंडाने सांगितलंस, ते परतही तोंडानेच घे. आणि कसं घेशील ते बघ, कारण वहिनींचं नाव त्यात येता कामा नये. आलं, तर हमीदाने सोसलं ते फुकट गेलं.

झरोके उघड आधी.

खुर्शीद


नाशिक, ता. ११ सप्टेंबर १९३६

प्रिय खुर्शीद,

झरोके उघडले. झिपरूला बोलावलं. त्याने वर बघितलं, नाक हुंगलं आणि म्हणाला, “बाई, ह्यो माळा कोणी कोंडला?” मी म्हटलं, “मी.” त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, “तुम्ही लय शिकलेल्या, तुम्ही कशाला कोंडाल?” मी पुन्हा म्हटलं, “मी कोंडला.” दुसऱ्या वेळेला थोडं सोपं गेलं. बातमी पंचवटीला पोचली असेल.

मग भगिनी मंडळात भाषण झालं. भागीबाई पुढे बसल्या होत्या. मी टिपणं नेली नाहीत. उभी राहून सांगितलं की माझ्या घराला बुरशी लागली. पारव्यांचा कंटाळा म्हणून मी झरोके ठोकून बंद केले, घरातली ओल कोंडून ठेवली, आणि दोष मागच्या बिऱ्हाडाला दिला. त्यांचा काही संबंध नव्हता. मी आरसा धरून बघितलं आहे. मी त्यांना काढलं ही माझी चूक, आणि भागीबाईंना जे सांगितलं ते खोटं. ओल कशाची होती ते कुणी विचारलं नाही. पावसाळ्यात ओल असतेच, असं सगळ्यांना वाटलं.

कुणी हसलं नाही. मला वाटतं हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मागून एक जुनी विद्यार्थिनी दुसरीला हळूच म्हणाली, “खिडकीबाई.” तेवढंच. माझ्या कानांत ते अजून आहे. भागीबाई जाताना म्हणाल्या, “एवढं चारचौघांत बोलायची काय गरज होती?” मी म्हटलं, “तुमच्याशी कुंपणावर बोलले होते तेव्हा तुम्ही चारचौघांत नेलंत. तेवढंच परत न्या.” जीभ एका महिन्यात सुधारत नाही, खुर्शीद.

वहिनींशी बोलणं त्याहून जड गेलं. मी म्हटलं, “मी हसले ते चुकलं.” त्या निवडत होत्या त्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, “तुम्ही पहिल्यापासून हुशार, वन्सं.” मला कळलं नाही ते कौतुक आहे की काय. कौतुक नसावं. मी तिथेच बसून त्यांच्याबरोबर तांदूळ निवडले. माझे खडे राहिले, त्यांनी पुन्हा निवडले.

मागच्या पडवीत झिपरूकडून काठी लावून घेतली. पन्हळीच्या आत, पाऊस लागणार नाही आणि वारा लागेल अशी. हाताला येईल एवढ्या उंचीवर. मी त्या बाजूला सकाळी जात नाही. त्या आंघोळीला गेल्या की मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र उघडते आणि एकच बातमी वाचत बसते.

काल उघाड होती, तेव्हा उरलेली बुरशी घासायला मी वर चढले. वहिनी म्हणाल्या, शिडी मी धरते. धरली. मी वरून काही सांगायला खाली बघितलं, तर त्या जमिनीकडे बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, “वहिनी, वर बघा ना, मी बोलते आहे.” म्हणाल्या, “शिडी धरणाऱ्याने वर बघायचं नसतं. हमीदा कधी बघायची नाही. अंगावर ओलं असायचं ना माझ्या.”

मी पुष्कळ वेळ त्याच एका फळीवर ब्रश फिरवत राहिले.

माळा आता कोरडा आहे. वारा आरपार जातो. काळे डाग राहिले, तू म्हणाली होतीस तसे. ते घासून घालवावे असं आता मला वाटत नाही.

पुढच्या शुक्रवारच्या मोटारीने मी येते आहे. हमीदाला आधी सांग. तिला माझं तोंड बघायचं नसेल तर ती आत बसू दे, मी ओसरीवर बसून तुझ्याशी बोलेन आणि संध्याकाळच्या मोटारीने परत जाईन. मागच्या खोल्या झाडून ठेवल्या आहेत. मागाची जागा रिकामी आहे, ती दुसऱ्या कशाला दिलेली नाही. बाळंतपण तुझ्याकडे करायचं का इथे, हे तिने ठरवावं. मी काही ठरवणार नाही, हे लिहून देते.

हे लिहायला बसताना वहिनींना विचारलं, “हमीदाला काय सांगू?” त्यांनी हात पुसले, जरा विचार केला.

“सांगा, काठी आता खाली आली आहे. शिडी धरायला नको. नुसतं ये म्हणावं.”

तुझी
सगुणा